पातेले एकच, तूप पानात

मुलुंडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: ‘माझा चोवीस वर्षांचा मुलगा अंधेरीला नोकरी करतो. काही महिन्यांपूर्वी त्याने दूध, दही, तूप आणि मध हे सगळे सोडले. मांस-मासे आमच्याकडे पूर्वीपासूनच नाहीत. मी रोज दोन वेगळे स्वयंपाक करते, तरी हा बाहेर वडापाव, वेफर्स आणि थंड पेये यांवर दिवस काढतो आणि “हे सगळे व्हीगनच, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही नसलेले, आहे” असे मला सांगतो. सासूबाईंना नातवाच्या भातावर तूप वाढता येत नाही, याचे त्यांना फार वाईट वाटते. त्याला अशक्तपणा येणार नाही यासाठी रोज काय करावे, चहा-दह्याचे काय करावे आणि गणपतीत काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोठी अडचण मला दोन स्वयंपाकांची वाटते, कारण दमलेल्या माणसाला बाकीचे कोणतेच प्रश्न सुटत नाहीत. म्हणून आधी एवढेच करून पाहावे, की घरात शिजणाऱ्या पदार्थांपैकी किती पदार्थांच्या पातेल्यात दूध-तूप खरोखर पडते आणि किती ठिकाणी ते नुसते वरून वाढले जाते, याची आठवडाभर नोंद ठेवावी. आमटी, मटकीची उसळ, भरली वांगी, झुणका, पिठले, अळूचे फदफदे, भाकरी, ठेचा, कारळ्याची किंवा जवसाची चटणी यांत दुधाचा थेंब नसतो. मराठी घरातला रोजचा स्वयंपाक हा मुख्यतः तेलाचा, डाळीचा आणि शेंगदाण्याच्या कुटाचा आहे. तूप आणि दही त्यात येतात ते बहुतेक वेळा शेवटी, पानात.

तेव्हा नियम एकच करावा: तूप, दही आणि ताक यांची भांडी ओट्यावरून उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवावीत. साध्या वरणाला तूप-जिऱ्याची फोडणी देत असाल, तर ती तेलाची द्यावी आणि ज्याला तूप हवे त्याने ते वरून घ्यावे. पोळीला तव्यावरच तूप लावण्याची सवय सोडावी. मात्र मुलाच्या डब्यात कोरडे फुलके देऊ नयेत, कारण दुपारी एक वाजेपर्यंत ते पापडासारखे होतात. त्याऐवजी तेल लावून केलेली घडीची पोळी द्यावी, ती मऊ राहते. कोशिंबिरीत कूट, मिरची, मीठ आणि लिंबू घालून कालवावे, त्याच्यापुरती बाजूला काढावी आणि उरलेल्या भागात दही घालावे. खमंग काकडीला तर दही लागतच नाही. कढीची आठवण झाली, तर त्या दिवशी सगळ्यांसाठीच आमसुलाचे किंवा टोमॅटोचे सार करावे. या पद्धतीने आठवड्यातले बहुतेक सगळे स्वयंपाक एकाच पातेल्यात होतात, आणि सासूबाईंच्या हातात तुपाची वाटी तशीच राहते. फक्त एक पान ओलांडून त्या पुढच्या पानाकडे जातात.

आता चहा. दूध सोडणारे बहुतेक लोक अडखळतात ते येथेच, आणि त्यात नवल नाही, कारण मुंबईतल्या घराचा दिवस दुधाच्या पिशवीने सुरू होतो. सोयाबीनचे दूध उकळत्या चहात ओतले, की पुष्कळदा ते फुटते; चहाची आम्लता आणि उष्णता त्याला एकदम सोसत नाही. उपाय असा, की चहा, आले आणि गवती चहा पाण्यात नीट उकळून, गॅस बंद करून, मिनिटभराने वेगळे कोमट केलेले दूध त्यात हळूहळू ओतावे आणि पुन्हा उकळी आणू नये. ओटचे दूध यात सहसा दगा देत नाही. घरच्या घरी करायचे झाल्यास मूठभर काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून बारीक वाटावेत. ते गाळावेही लागत नाहीत. पाकीटबंद बदामाच्या दुधावर खर्च करण्याचा सल्ला मी देणार नाही: ते गाई-म्हशीच्या दुधापेक्षा कितीतरी महाग असते आणि त्यात प्रथिने फारच थोडी असतात. माझे विचाराल, तर लिंबू पिळलेल्या कोऱ्या चहाची सवय ही या सगळ्या खटाटोपापेक्षा बरी, पण ती ज्याची त्याने लावून घ्यायची असते.

दह्याची भूक मात्र खरी असते आणि ती घरात भागवता येते. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजत घालावेत. सकाळी ते चोळून शक्य तेवढी साले काढावीत, चार वाट्या पाण्याबरोबर अगदी गंध होईपर्यंत वाटावेत आणि स्वच्छ मलमलच्या कापडातून पिळून घ्यावेत. हे दूध सतत ढवळत आठ-दहा मिनिटे उकळावे, नाहीतर ते तळाला लागते आणि मग करपलेला वास कशानेही जात नाही. बोटाला सोसेल इतके कोमट झाले, की पहिल्या वेळी विरजण म्हणून चार-पाच हिरव्या मिरच्यांची देठे त्यात सोडून, झाकून, रात्रभर ठेवावे. मुंबईच्या हवेत आठ-दहा तासांत ते लागते. पावसाळ्यात थोडा वेळ अधिक द्यावा. पहिले दही जरा ढिले आणि उग्र होते, म्हणून ते ताकासाठी वापरावे आणि त्यातले दोन चमचे पुढच्या वेळचे विरजण म्हणून ठेवावे; दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून दही घट्ट लागू लागते. शेंगदाण्याचा वास राहतोच. कढीपत्ता, मिरची आणि हिंगाची फोडणी दिलेल्या दहीभातात तो जाणवत नाही, नुसते साखर घालून खाताना जाणवतो. श्रीखंड मात्र याचे करू नये. चक्का बांधून कितीही टांगला, तरी ते श्रीखंड होत नाही, आणि मग सगळेच हिरमुसतात. पाडव्याला श्रीखंडाऐवजी आमरस-पुरीचा बेत करावा. रसात दूध घातले नाही, तर तो मुळातच या मुलाच्या पंगतीतला आहे.

अशक्तपणाच्या प्रश्नाकडे आता जरा हिशेबाने पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या तरुणाला पन्नास ग्रॅम. मुलगा पूर्वी दोन पेले दूध आणि वाटीभर दही घेत असेल, तर त्याच्या आहारातून साधारण अठरा ग्रॅम प्रथिने कमी झाली. ही तूट कोणत्याही महागड्या डब्यातल्या भुकटीशिवाय भरून निघते: पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ अकरा-बारा ग्रॅम देते आणि मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाणे सात-आठ ग्रॅम देतात. खरी अडचण अशी आहे, की आपल्याकडे उसळ ही तोंडीलावणे म्हणून वाढली जाते. डब्यात चार पोळ्या आणि दोन चमचे भाजी, हे माप दूध-दही असताना चालून जात होते. आता ते उलटे करावे लागेल. दोन-तीन पोळ्या आणि डब्याचा मोठा कप्पा भरून उसळ, असा डबा द्यावा. आज मटकी, उद्या मूग, परवा चवळी, नंतर काळे वाटाणे, कुळथाचे पिठले आणि मसूर, असा फेर धरला तर कंटाळाही येत नाही. सोयाबीनच्या वड्या त्याला आवडत असतील तर आठवड्यातून एक-दोनदा द्याव्यात, पण त्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्याव्यात, नाहीतर मसाला आत शिरत नाही.

या फेरात वालाला मानाची जागा द्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कडवे वाल रात्रभर भिजवून, पंचात बांधून मोड आणावेत आणि कोमट पाण्यात टाकून सोलावेत; दोन बोटांत दाणा धरून हलकेच दाबला, की साल हातात राहते आणि डाळिंबी निसटून वाटीत पडते. हे काम वेळखाऊ आहे आणि ते मुलाने करावे. तेलावर हिंग-हळदीची फोडणी, आले-लसणाचे वाटण, त्यावर डाळिंब्या परतून झाकणावर पाणी ठेवून शिजवाव्यात. दाणा मोडता कामा नये, पण बोटाने चेपला गेला पाहिजे. शेवटी आमसूल, बोटाच्या पेराएवढा गूळ आणि नारळाचे दूध घालून मंद आचेवर एक वाफ आणावी. हे बिरडे ज्या घरात होते, त्या घरात दुधातुपावाचून जेवण फिके होते, अशी तक्रार कोणी करणार नाही. मात्र नारळाचे दूध रोज नको. त्यातली स्निग्धता मुख्यतः संपृक्त प्रकारची असते. त्यामुळे रोजच्या भाज्यांना शेंगदाण्याचे किंवा तिळाचे कूट आणि सुट्टीच्या दिवशी नारळ, अशी वाटणी योग्य ठरते.

चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, काळजी बहुतेक आयांना असते. दोन पेले दुधातून साडेचारशे-पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात ते साडेतीनशेच्या जवळपास असते, म्हणजे एका मोठ्या भाकरीतून दोनशेच्या आसपास मिळते. न पॉलिश केलेल्या, सालासकट तिळात त्याहून पुष्कळ अधिक असते. दोन मोठे चमचे तिळाचे कूट रोज भाजीत किंवा चटणीत गेले, तर तेवढीच आणखी भर पडते. शेवग्याचा पाला मिळेल तेव्हा घ्यावा. दादरच्या किंवा मुलुंडच्या बाजारात पालेभाजीवाल्या बायकांना आधी सांगून ठेवले, तर त्या आवर्जून आणून देतात. पालकावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण त्यातील ऑक्झलेटमुळे त्यातले कॅल्शियम शरीराला फारसे मिळत नाही. लोहाच्या बाबतीत दोन साध्या सवयी उपयोगी पडतात: उसळीवर लिंबू पिळणे आणि जेवल्याबरोबर चहा न घेणे.

यापुढचा मुद्दा मात्र स्वयंपाकघरात सुटणारा नाही, आणि त्यात भीड ठेवून चालणार नाही. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. त्याची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी अत्यल्प असते, आणि यकृतात त्याचा साठा असल्यामुळे कमतरता महिन्यांनी नव्हे, तर कधी कधी वर्षांनी उघड होते. म्हणूनच ‘मला तर काहीच होत नाही’ हे चिरंजीवांचे म्हणणे पुरावा म्हणून धरता येत नाही. हातापायांना मुंग्या येणे, लवकर थकवा येणे, जीभ लाल होऊन झोंबणे ही लक्षणे उशिरा दिसतात, आणि मज्जातंतूंची हानी फार वाढली तर ती पूर्णपणे भरून येईलच असे नसते. इडलीच्या आंबवलेल्या पिठात किंवा स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गोळ्यांत हे जीवनसत्त्व असते, या समजुतीवर विसंबू नये. दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही आपल्याकडे ही कमतरता सर्रास आढळते, तेव्हा डॉक्टरांना विचारून रक्ताची तपासणी करून घ्यावी, ती तुम्ही स्वतः आणि सासूबाईंनीही करून घ्यावी, आणि गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. ‘ड’ जीवनसत्त्वाचीही तपासणी त्याच वेळी व्हावी, कारण सकाळी लोकलमध्ये आणि दिवसभर कचेरीत असणाऱ्याला ऊन मिळते कुठे? एक गोष्ट मुलाला सांगावी, तो तुमच्याकडे जरा आदराने पाहील: पुष्कळ कॅप्सूलची आवरणे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनची असतात आणि ‘ड-३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून तयार होते. वनस्पतिजन्य पर्याय मिळतात. औषधाच्या दुकानात विचारावे लागते.

बाहेरच्या खाण्यावर बंदी घालू नये. चोवीस वर्षांचा मुलगा ती पाळणारही नाही. बटाटावड्यात, भेळेत, मिसळीत दूध नसते, आणि माटुंग्याच्या उडपी हॉटेलांत ‘डोसा तेलावर, लोणी नको’ असे सांगितले, की काम होते. पावभाजीच्या तव्यावर मात्र लोण्याचा गोळा आधीच पडलेला असतो, आणि काही बेकऱ्या पावात दुधाची भुकटी घालतात किंवा त्यावर लोणी फिरवतात. विचारण्यात संकोच करू नये. नान, पंजाबी रस्से आणि नानकटाई यांच्यापासून दूरच राहावे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून त्याचे समाधान होत असेल, तर त्याला सांगावे, की दूध असलेल्या पदार्थावरही तोच ठिपका असतो. २०२२ सालच्या नियमांनुसार एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने व्हीगन पदार्थांसाठी हिरव्या ‘व्ही’ आणि पानाचे वेगळे चिन्ह ठरवले आहे. ते नसेल, तर मागची घटकांची यादी वाचावी आणि ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ हे दुधाचे घटक सांगणारे शब्द शोधावेत. चीज किंवा क्रीमच्या स्वादाच्या वेफर्सवर ते हमखास सापडतात, तेव्हा ही तपासणी त्याच्याच आवडत्या पाकिटापासून सुरू करावी. दुधाशिवायचे म्हणजे पौष्टिक, हा त्याचा ग्रह आहे. थंड पेयात दूध नाही हे खरे, पण त्यात साखरेवाचून दुसरेही काही नाही.

गोड खावेसे वाटणारच. रविवारी केक करायचा झाल्यास त्याला अंडे-लोणी काहीही लागत नाही: दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ एकत्र चाळावे, त्यात एक तृतीयांश कप तेल, एक कप पाणी आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घालून झटपट ढवळावे आणि लगेच १८० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजावे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र येताच बुडबुडे सुटतात, त्यामुळे मिश्रण ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जाऊ नये. दिवाळीच्या फराळात चिवडा, चकली, शंकरपाळी तेलाच्या मोहनावर उत्तम होतात, आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू कुटताना सुटणाऱ्या तेलावरच वळले जातात. बेसनाचा लाडू मात्र साजूक तुपाशिवाय करूच नये, वनस्पती तुपात तर नाहीच. तो इतरांसाठी करावा आणि त्याने खाऊ नये, एवढेच.

सासूबाईंना हे सगळे नव्या पोरांचे खूळ वाटत असेल. व्हीगन सोसायटी इंग्लंडमध्ये १९४४ साली स्थापन झाली, हे त्यांना सांगून काही उपयोग व्हायचा नाही. त्याऐवजी गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची आठवण करून द्यावी. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, म्हणून अळू, माठ, सुरण, शिराळी, मक्याची कणसे, लाल भोपळा एकत्र करून ऋषीची भाजी त्यांनी आयुष्यभर रांधली आहे. आपल्या जेवणासाठी जनावर राबू नये, हा विचार त्यांना अपरिचित नाही. नातू तोच विचार वर्षभर पाळू पाहतो आहे, असे त्याने स्वतः, वाद न घालता, त्यांच्याशेजारी बसून भाजी चिरताना सांगितले, तर अधिक बरे. सगळे पटणार नाही, पण चिडचिड कमी होईल.

उकडीच्या मोदकांना फारसे काही बदलावे लागत नाही. सारण नारळ-गुळाचेच असते, त्यात खवा किंवा पेढा घालत असाल तर घालू नये. एक वाटी आंबेमोहोराच्या पिठीला अर्धी वाटी पाणी आणि अर्धी वाटी नारळाचे दूध घ्यावे, लोण्याऐवजी चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ घालून उकड काढावी, आणि ती गरम असतानाच पाण्याचा व तेलाचा हात घेऊन मळावी. पारीला भेगा पडल्या, तर मळणे कमी झाले असे समजावे. नैवेद्याच्या पानावर तुमच्या रिवाजाप्रमाणे तूप वाढावे, त्यात काही बदलू नये. मुलाच्या पानात फोडलेल्या मोदकावर दाट नारळाचे दूध घालावे.

पंचामृत आणि शेजाऱ्यांकडून येणारे पेढे यांवरून दरवर्षी कुरबुर होईल, म्हणून ते आधीच ठरवून ठेवावे. पंचामृताचे तीर्थ त्याने घेऊ नये, त्याऐवजी तुळशीचे पाणी घ्यावे. पेढा कोणी हातावर ठेवला, तर तो कपाळाला लावून घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यावा. समोरच्या माणसाला तेथे आहारशास्त्र समजावत बसू नये. आरतीनंतरची खिरापत खोबरे-साखरेची केली, तर ती सगळ्यांनाच चालेल.